प्रकल्प नोंदी: स्पिन साखळीचं मॅट्रिक्स शून्यापासून बांधताना

काम असं आहे: हायझेनबर्ग साखळीचा (ओळीत मांडलेले स्पिन, प्रत्येक फक्त शेजाऱ्यांशी जोडलेला) हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचा ऑपरेटर, कुठलंही तयार पॅकेज न वापरता मॅट्रिक्सच्या रूपात उभा करायचा आणि २०-२४ साइटपर्यंत (साइट म्हणजे एका स्पिनची जागा) ग्राउंड स्टेटची, म्हणजे सर्वात खालच्या अवस्थेची, ऊर्जा काढायची. हाताशी पायथन, नमपाय आणि सायपाय, एवढंच. सगळीकडे जे (शेजाऱ्यांमधल्या जोडणीची ताकद) = १ आणि एच-बार = १ धरलं आहे. 'जे' धन म्हणजे अँटिफेरोमॅग्नेट, शेजारचे स्पिन उलट दिशांना राहू बघतात. साइटची संख्या एन, रिंग म्हणजे शेवटची साइट पहिलीला जोडलेली.

या नोंदी असंच काही बांधायला घेतलेल्यांसाठी आहेत. सिद्धांत कुठल्याही पुस्तकात मिळेल. इथे भर आहे तो चुकीचं मॅट्रिक्स बरोबर असल्यासारखं कसं दिसतं आणि ते पकडायचं कसं, यावर.

४ फेब्रुवारी: एका साइटची मॅट्रिक्स

स्पिन एस असेल तर मॅट्रिक्सचा आकार २एस+१. बेसिसचा क्रम आधीच ठरवून टाकला: एम (झेड दिशेतल्या स्पिनची किंमत) मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे पहिली अवस्था 'वर'. एस-झेडच्या कर्णावर एमच्या किमती. एस-प्लसचे घटक कर्णाच्या लगेच वरच्या तिरक्या ओळीत, आणि एम वरून एम+१ वर नेणाऱ्या घटकाची किंमत √(एस(एस+१) − एम(एम+१)).

हाताने काढून पडताळलेल्या किमती: स्पिन १/२ ला एकच घटक, १. स्पिन १ ला √२, √२. स्पिन ३/२ ला √३, २, √३. एस-मायनस म्हणजे एस-प्लसचा ट्रान्सपोज. तो वेगळा लिहायचा नाही, तिथे पुन्हा चूक करायची संधी कशाला द्यायची.

चाचण्या दोन. एस-वर्ग हा एस(एस+१) गुणिले एकक मॅट्रिक्स आला पाहिजे, आणि एस-एक्स, एस-वायचा कम्युटेटर (गुणाकार वजा उलट क्रमाचा गुणाकार) आय गुणिले एस-झेड. फक्त पहिली करून पुढे जाणं धोक्याचं आहे. एस-प्लस आणि एस-मायनसची अदलाबदल झाली (घटक कर्णाच्या खाली बसले) तर एस-वायचं चिन्ह उलटतं, पण वर्गात ते दिसत नाही. हायझेनबर्गच्या ऊर्जेतही दिसत नाही, कारण तिथे दोन्ही जोडीनेच येतात. कम्युटेटरचं चिन्ह मात्र लगेच उलटं येतं.

एस-वाय कॉम्प्लेक्स आहे हे विसरलं की दुसरा घोळ. नमपायमध्ये आधी तयार केलेल्या फ्लोट ॲरेत कॉम्प्लेक्स ॲरे भरला की काल्पनिक भाग टाकून दिला जातो आणि फक्त एक वॉर्निंग येते. एस-वाय शून्य होऊन बसतो आणि प्रोग्रॅम निवांत पुढे चालतो. ओळखायची खूण: दोन साइटची ऊर्जा −०.७५ ऐवजी −०.५ येते. या वॉर्निंगला एररमध्ये बदलणारी ओळ फाइलच्या माथ्यावर घातली आहे. ती काढायची नाही.

५ फेब्रुवारी: दोन साइट

एस-वाय टाळताच येतो. दोन स्पिनचा डॉट गुणाकार म्हणजे झेड-झेड, अधिक अर्धा गुणिले (प्लस-मायनस + मायनस-प्लस). सगळं वास्तव राहतं, मेमरी निम्मी लागते. दोन साइटचं मॅट्रिक्स असं आलं:

०.२५  ०  ०  ०
०  −०.२५  ०.५  ०
०  ०.५  −०.२५  ०
०  ०  ०  ०.२५

आयगनव्हॅल्यू, म्हणजे शक्य ऊर्जा: −०.७५ एकदा, ०.२५ तीनदा. सिंगलेट (एकूण स्पिन ०) आणि ट्रिपलेट (एकूण स्पिन १). हे चार बाय चारचं मॅट्रिक्स कागदावर लिहून भिंतीला लावण्याच्या लायकीचं आहे, पुढचं सगळं यातूनच येतं.

−३ आणि १ आले तर स्पिनऐवजी पाउली मॅट्रिक्स (स्पिन १/२ च्या मॅट्रिक्सची दुप्पट) वापरली गेली आहेत. हायझेनबर्गमध्ये हा नुसता ४ चा गुणक, शेवटी भागलं की झालं. आडव्या क्षेत्राच्या आयसिंग मॉडेलमध्ये (शेजाऱ्यांत फक्त झेड-झेड जोडणी, शिवाय आडवं चुंबकीय क्षेत्र) मात्र भागून सुटका नाही. तिथे आयसिंगच्या पदात दोन पाउली आहेत, क्षेत्राच्या पदात एकच. पाउलीच्या जागी स्पिन ठेवला तर पहिलं पद चौथाई होतं, दुसरं निम्मं, आणि क्रांतिक बिंदू (जिथे ग्राउंड स्टेटचं रूप बदलतं) क्षेत्र = जे वरून क्षेत्र = जे/२ वर सरकतो. दुसऱ्याच्या आलेखाशी आपला आलेख जुळत नसेल तर सगळ्यात आधी हे बघावं.

या मॉडेलसाठी एक अचूक तपासणीही आहे. पाउली मॅट्रिक्स वापरून, क्रांतिक बिंदूवर, रिंगची ग्राउंड स्टेट ऊर्जा −२ / साइन(पाय / २एन) असते. एन = ४ ला −५.२२६२५, एन = ८ ला −१०.२५१६६. दोन्ही जुळल्या.

७ फेब्रुवारी: क्रोनेकर गुणाकार आणि साइटचा क्रम

क्रोनेकर गुणाकाराने (पहिल्या मॅट्रिक्सच्या प्रत्येक घटकाच्या जागी तो घटक गुणिले दुसरं मॅट्रिक्स) एका साइटचा ऑपरेटर पूर्ण जागेत नेताना एनच्या एन एकक मॅट्रिक्सची साखळी गुणत बसायची गरज नाही. डावीकडे एक मोठं एकक मॅट्रिक्स, मध्ये ऑपरेटर, उजवीकडे दुसरं एकक मॅट्रिक्स. दोन गुणाकारांत काम होतं. शेजारच्या साइटचा बॉण्ड (दोन साइटमधली जोडणी) असेल तर वरचं चार बाय चार जसंच्या तसं मध्ये बसवता येतं. रिंग बंद करणारा बॉण्ड मात्र तसा बसत नाही, त्याची दोन टोकं मॅट्रिक्सच्या दोन टोकांना असतात. त्यासाठी दोन साइटचे ऑपरेटर वेगवेगळे वाढवून गुणावे लागतात.

सायपायच्या स्पार्स (फक्त शून्येतर घटक साठवणाऱ्या) क्रोनेकर फंक्शनला फॉरमॅट, म्हणजे साठवणीचं रूप, सांगितला नाही तर उजवीकडचं मॅट्रिक्स पुरेसं भरलेलं असल्यास ते बीएसआर रूपात उत्तर देतं, नाहीतर सीओओ. एकाच लूपमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, आणि सीओओमधून एखादा घटक इंडेक्सने वाचायला गेलं की एरर येते. प्रत्येक वेळी सीएसआर मागून घ्यायचं.

आता क्रम. क्रोनेकरमध्ये साइट ० सगळ्यात डावीकडे ठेवली तर ती सर्वात जड बिट होते. पुढे बिट वापरून जो कोड लिहायचा आहे त्यात साइट ० म्हणजे सर्वात हलकी बिट. या दोन पद्धती एकमेकींशी भांडतात, आणि हायझेनबर्ग रिंग ते भांडण पूर्ण झाकून टाकते, कारण साइटचे क्रमांक उलटे लावले तरी रिंग तीच राहते. ऊर्जा बरोबर, मॅट्रिक्ससुद्धा बरोबर. चूक उघडी पडते ती एखाद्या ठरावीक साइटचं मोजमाप मागितल्यावर.

म्हणून मुद्दाम असमान ऑपरेटर घेतला: साइट ० च्या एस-झेडला १ ने, साइट १ च्याला २ ने, साइट २ च्याला ४ ने गुणायचं आणि बेरीज. क्रम जुळला असेल (साइट ० हलकी बिट, बिट ० म्हणजे 'वर') तर कर्ण सरळ एक-एकने उतरत जातो. तीन साइटला ३.५, २.५, १.५ … −३.५. साइट ० डावीकडे ठेवल्यावर आलं ते असं: ३.५, −०.५, १.५, −२.५, २.५, −१.५, ०.५, −३.५. एका नजरेत कळतं. क्रोनेकरचा क्रम उलटा केला, साइट ० शेवटी. बिट १ म्हणजे 'वर' धरणाऱ्यांचा कर्ण चढता येईल. तेही चालतं, फक्त सगळ्या फाइलींत एकच हवं.

एन = २ ची 'रिंग' ही चाचणी म्हणून वापरू नये. ० ते १ आणि १ ते ० असा तोच बॉण्ड दोनदा मोजला जातो आणि −१.५ येतं.

मेमरीचा हिशोब एकदा मांडून ठेवला. पूर्ण भरलेलं वास्तव मॅट्रिक्स, दर घटकाला ८ बाइट: १२ साइटला ४०९६ चा आकार, १२८ मेबिबाइट. १४ साइटला २ गिबिबाइट. १६ ला ३२ गिबिबाइट. कॉम्प्लेक्स असेल तर दुप्पट, आणि आयगनव्हेक्टरही हवे असतील तर तितकीच जागा पुन्हा. साध्या संगणकावर १४ च्या पुढे भरलेल्या मॅट्रिक्सचा नाद सोडावा.

९ फेब्रुवारी: चार साइटची रिंग, आरपार

मोठ्याकडे जाण्याआधी एक उदाहरण पूर्ण उकलून ठेवलं. चार साइटच्या रिंगमध्ये प्रत्येक सम साइट प्रत्येक विषम साइटला जोडलेली आहे. त्यामुळे हॅमिल्टोनियन म्हणजे अर्धा गुणिले (एकूण स्पिनचा वर्ग − सम गटाचा वर्ग − विषम गटाचा वर्ग). दोन्ही गटांचा स्पिन १ असेल तर ऊर्जा −२ (एकदा), −१ (तीनदा), +१ (पाचदा). उरलेल्या सातही अवस्था ०. एकूण १६.

यातून कुठल्याही आकाराला लागू पडणाऱ्या दोन तपासण्या मिळतात. मॅट्रिक्सचा ट्रेस (कर्णावरच्या घटकांची बेरीज) शून्य: −२ − ३ + ५ = ०. आणि वर्गाचा ट्रेस = बॉण्डची संख्या × ३/१६ × २ चा एनवा घात. इथे ४ × ३/१६ × १६ = १२, आणि प्रत्यक्षात ४ + ३ + ५ = १२. वर्गाचा ट्रेस काढायला डायगोनलायझेशन (आयगनव्हॅल्यू काढणं) लागत नाही, सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज केली की झालं. स्पार्स मॅट्रिक्सवर एका ओळीचं काम. बॉण्ड सुटला, दोनदा मोजला, किंवा गुणक चुकला, तिन्ही यात पकडले जातात.

लगेच उपयोग झाला. सायपायमध्ये जुनी स्पार्स 'मॅट्रिक्स' आणि नवी स्पार्स 'ॲरे' असे दोन प्रकार आहेत. जुन्यात तारांकन म्हणजे मॅट्रिक्स गुणाकार, नव्यात घटकाला घटक. नव्या प्रकारात जुनी सवय चालवली की काय होतं बघा: झेड-झेड पद बरोबर येतं, कारण दोन्ही कर्णमॅट्रिक्स आहेत. प्लस-मायनस पद पूर्ण शून्य होतं, कारण दोघांचे शून्येतर घटक कधीच एका जागी नसतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. हायझेनबर्गऐवजी नुसतं आयसिंग उरतं, चार साइटला −१ येतं आणि वर्गाचा ट्रेस १२ ऐवजी ४. गुणाकारासाठी सगळीकडे @ हे चिन्ह वापरायचं, दोन्ही प्रकारांत त्याचा अर्थ एकच आहे.

उघड्या साखळीला चार साइटची ऊर्जा −(३ + २√३)/४ = −१.६१६०२५. ही संख्या लक्षात ठेवा, संवेगाच्या नोंदीत परत लागेल.

१० फेब्रुवारी: सॉल्व्हरला नेमकं काय मागायचं

सायपायच्या स्पार्स सॉल्व्हरला (आयग-एस-एच) काही सांगितलं नाही तर तो 'एलएम' धरतो, म्हणजे निरपेक्ष किमतीने सर्वात मोठी आयगनव्हॅल्यू. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये −२ ही +१ पेक्षा निरपेक्ष मोठी, म्हणून उत्तर योगायोगाने बरोबर येतं. जेचं चिन्ह बदलून फेरोमॅग्नेट केला की स्पेक्ट्रम (सगळ्या आयगनव्हॅल्यू मिळून) −१ ते +२ होतं आणि सॉल्व्हर +२ देतो, म्हणजे सर्वात वरची अवस्था. मागायचं ते 'एसए', बीजगणिती अर्थाने सर्वात लहान. 'एसएम' म्हणजे शून्याच्या सर्वात जवळची. नाव फसवं आहे, ते घेऊ नये.

भरलेल्या मॅट्रिक्ससाठीचा नमपायचा आयग-एच मुळात फक्त कर्ण आणि त्याखालचा त्रिकोण वाचतो. वरचा त्रिकोण काय आहे हे तो बघतही नाही. मॅट्रिक्स हर्मिशियन (आपल्याच कॉन्जुगेट ट्रान्सपोजइतकं) नसेल तरी तो तक्रार न करता एक उत्तर देतो, वेगळ्याच मॅट्रिक्सचं. त्यामुळे सॉल्व्हरच्या आधी 'मॅट्रिक्स वजा त्याचा कॉन्जुगेट ट्रान्सपोज' याचा सर्वात मोठा घटक छापायचा. ही एक ओळ या सगळ्या प्रकल्पातली सर्वात मोलाची आहे.

१२ ते १४ फेब्रुवारी: एकूण एस-झेड शून्याचा सेक्टर, बिट वापरून

क्रोनेकर इथे सोडला. एकूण एस-झेड टिकून राहतो, म्हणून मॅट्रिक्सचे एकमेकांत न मिसळणारे भाग (सेक्टर) पडतात, तेव्हा निम्मे 'वर' निम्मे 'खाली' एवढ्याच अवस्था घ्यायच्या. १२ साइटला ९२४, १६ ला १२,८७०, २० ला १,८४,७५६, २४ ला २७,०४,१५६.

रीत: अवस्था पूर्णांक म्हणून चढत्या क्रमाने एका ॲरेत. प्रत्येक बॉण्डसाठी दोन बिट बघायच्या. सारख्या असतील तर कर्णात +०.२५. वेगळ्या असतील तर कर्णात −०.२५, आणि दोन्ही बिट एक्सऑरने उलटवून जी अवस्था मिळेल तिच्या जागी ०.५. रिंगसाठी पुढची साइट (साइट + १) भागिले एनची बाकी.

नव्या अवस्थेचा क्रमांक शोधणं हेच खरं खर्चिक काम. पायथनची डिक्शनरी लहान आकाराला चालते. पण अवस्थांवर पायथनचा लूप फिरवला की वेळही जातो आणि दर नोंदीला मेमरीही बरीच खाते. लूप फक्त बॉण्डवर ठेवला (२०-२४ फेऱ्या) आणि एका बॉण्डसाठी सगळ्या अवस्था एकदम ॲरे म्हणून उलटवल्या. क्रमांक नमपायच्या सर्चसॉर्टेडने, म्हणजे द्विभाजन शोधाने. त्यात एक काटा आहे: शोधलेली अवस्था यादीत नसेल तरी सर्चसॉर्टेड कुठला तरी क्रमांक देतोच. म्हणून परत आलेल्या क्रमांकावरची अवस्था शोधलेल्या अवस्थेइतकीच आहे ना, हे दर वेळी तपासलं. समान बिटही चुकून उलटवल्या गेल्या की अवस्था सेक्टरबाहेर जाते, आणि ती चूक इथेच पकडली जाते.

शून्येतर घटकांची संख्या आधीच काढता येते. कर्णाबाहेरचे घटक = एन × २ × (एन−२ मधून एन/२ − १ निवडण्याचे प्रकार). २० साइटला २० × २ × ४८,६२० = १९,४४,८००. कर्ण धरून २१,२९,५५६. सीएसआरमध्ये दर घटकाला ८ बाइट किंमत आणि ४ बाइट क्रमांक, म्हणजे साधारण २६ मेगाबाइट. २४ साइटला ३,६५,६४,८९२ घटक, ४४० मेगाबाइटच्या आसपास. भरलेल्या १४ साइटला २ गिबिबाइट लागत होते, त्याशेजारी हे ठेवून बघावं. सीओओ याद्या जोडताना मात्र तात्पुरती मेमरी याच्या दुपटी-तिपटीवर जाते, कारण सर्चसॉर्टेडचे क्रमांक ६४ बिटचे येतात. ते लगेच ३२ बिटमध्ये बदलले की ताण बराच कमी होतो.

पडताळणी (रिंग): ६ साइटला −(२ + √१३)/२ = −२.८०२७७६, ८ ला −३.६५१०९३, १० ला −४.५१५४४६, १२ ला −५.३८७३९१, १६ ला −७.१४२२९६. सगळ्या जुळल्या.

हा सेक्टर आडव्या क्षेत्राच्या आयसिंगला वापरता येत नाही. तिथे एकूण एस-झेड टिकत नाही, फक्त सम-विषमता टिकते, आणि त्यातून जागा जेमतेम निम्मी होते.

१७ ते २१ फेब्रुवारी: संवेगाचे सेक्टर

सर्वात जास्त वेळ इथे गेला.

कल्पना साधी: रिंग फिरवली तरी हॅमिल्टोनियन तोच, म्हणून एकमेकींना फिरवून मिळणाऱ्या अवस्थांचा एक गट करायचा, गटातला सर्वात लहान पूर्णांक हा प्रतिनिधी, आणि गटाचा आवर्तकाल (किती घरं फिरवल्यावर अवस्था परत स्वतःवर येते) लिहून ठेवायचा. संवेग म्हणजे एक घर फिरवल्यावर अवस्थेला लागणारा कोन (फेज), शून्य म्हणजे अवस्था तशीच राहते. १६ साइटला १२,८७० वरून संवेग शून्याच्या सेक्टरमध्ये ८१० अवस्था उरतात. एवढं मॅट्रिक्स पूर्ण डायगोनलाइझ करता येतं, सगळं स्पेक्ट्रम हातात येतं.

चार साइटवर आलं −१.६१८. अपेक्षित −२. उघड्या साखळीची −१.६१६ डोक्यात असल्यामुळे पहिला संशय रिंग बंद करणाऱ्या बॉण्डवर गेला, आणि तिथे शोधण्यात बराच वेळ वाया गेला. बॉण्ड ठीक होता. तिसऱ्या दशांशातला फरक हाच पुरावा होता: −१.६१८०३ आणि −१.६१६०३ या वेगळ्या संख्या आहेत. किमान पाच दशांश छापा.

खरं कारण कागदावर दिसतं. सेक्टरमध्ये दोनच गट: ००११ चा (आवर्तकाल ४) आणि ०१०१ चा (आवर्तकाल २). कर्णावर ० आणि −१. ००११ मध्ये उलटवण्याजोगे दोन बॉण्ड, दोन्ही दुसऱ्या गटात नेतात: ०.५ × २ = १. ०१०१ मध्ये चार बॉण्ड, चारही पहिल्या गटात: ०.५ × ४ = २. म्हणजे एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला २. मॅट्रिक्स सममित नाही, कारण दोन गटांचं सामान्यीकरण वेगळं आहे आणि √(मूळ गटाचा आवर्तकाल / नव्या गटाचा आवर्तकाल) हा गुणक राहून गेला आहे. तो लावला की १ × √(४/२) = √२ आणि २ × √(२/४) = √२. मॅट्रिक्स मग असं:

०  √२
√२  −१

आयगनव्हॅल्यू −२ आणि १. बरोबर.

आता गंमत बघा. गुणक नसलेल्या असममित मॅट्रिक्सला साधा आयग सॉल्व्हर (हर्मिशियन न मानणारा) लावला तर तोही −२ आणि १ देतो! गुणक लावणं म्हणजे बेसिसचे सदिश कमी-जास्त ताणणं, त्याने आयगनव्हॅल्यू बदलत नाहीत. आयग-एचने खालचा १ वाचला, वरचा २ पाहिलाच नाही, आणि १-१ असलेल्या मॅट्रिक्सचं उत्तर दिलं: (−१ − √५)/२ = −१.६१८. दहा तारखेची हर्मिशियन तपासणी या फाइलमध्ये आणलेली नव्हती. आणल्यावर पहिल्याच ओळीत फरक १ छापला गेला.

इथलेच आणखी तीन खड्डे.

एकाच प्रतिनिधीकडे अनेक बॉण्ड नेतात, म्हणून घटक नेहमी मिळवत जायचा. 'बरोबर' चिन्हाने भरला तर शेवटचाच राहतो आणि वरच्या उदाहरणात √२ ऐवजी √२/२ येतो. सीओओ रूपात सारख्या जागेच्या नोंदी आपोआप बेरजेत जातात, ते जास्त सुरक्षित.

प्रत्येक गट प्रत्येक संवेगात बसत नाही. संवेग २ पाय के / एन असेल तर के × आवर्तकाल याला एनने निःशेष भाग जायला हवा, नाहीतर त्या गटाची बेरीज शून्य होते. न गाळल्यास मॅट्रिक्समध्ये नसलेल्या अवस्था शिरतात. तपासणी: सगळ्या संवेगांच्या आकारांची बेरीज मूळ सेक्टरइतकी हवी. चार साइटला २ + १ + २ + १ = ६.

तिसरा खड्डा सर्वात फसवा. ग्राउंड स्टेट नेहमी संवेग शून्यात नसते. एनला ४ ने भाग जात असेल तर शून्यात, नाहीतर (६, १०, १४) संवेग पायमध्ये. सहा साइटला शून्याच्या सेक्टरमधली सर्वात खालची ऊर्जा −१ − √५/२ = −२.११८ येते. तो पहिला ट्रिपलेट आहे आणि मॅट्रिक्स निर्दोष आहे. −२.८०२७७६ पाय सेक्टरमध्ये सापडते.

संवेग ० आणि पाय सोडून बाकी सगळ्यांना मॅट्रिक्स कॉम्प्लेक्स होतं. फ्लोटमध्ये भरलं की ४ फेब्रुवारीचीच कथा.

२४ फेब्रुवारी: हाताने लिहिलेला लॅन्झॉश

१९५० ची पद्धत: मॅट्रिक्स एका व्हेक्टरवर पुन्हा पुन्हा लावून टोकाच्या आयगनव्हॅल्यू काढायच्या. गाभा वीस ओळींच्या आत. मॅट्रिक्स साठवायचीही गरज नाही, फक्त व्हेक्टरवर लावता आलं पाहिजे. २४ साइटला एक व्हेक्टर २२ मेगाबाइटच्या आत.

सुरुवातीचा व्हेक्टर सगळे घटक १ असा घेऊ नये. एस-झेड शून्याच्या सेक्टरमध्ये तो व्हेक्टर म्हणजे नेमकी कमाल स्पिनची अवस्था, हॅमिल्टोनियनचा आयगनव्हेक्टर, ऊर्जा एन/४. पहिल्याच पायरीला बीटा (पुढच्या नव्या व्हेक्टरची लांबी, जिने भागायचं असतं) शून्य होतो. मग एकतर शून्याने भागाकार होऊन सगळीकडे नॅन, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोळाबेरजेच्या कचऱ्यावर पद्धत पुढे चालत राहते. यादृच्छिक व्हेक्टर घ्यायचा आणि बीज लिहून ठेवायचं, म्हणजे निकाल पुन्हा तसाच काढता येतो.

पायऱ्या वाढवल्या की एकच आयगनव्हॅल्यू दोन-तीनदा दिसू लागते. ही खरी अनेकता नव्हे. व्हेक्टर एकमेकांना लंब राहत नाहीत म्हणून आलेल्या या प्रती आहेत. उलट बाजूही आहे: एका सुरुवातीच्या व्हेक्टरमधून खरी अनेकता कधीच कळत नाही, प्रत्येक वेगळी किंमत मुळात एकदाच मिळते. फक्त ग्राउंड स्टेट हवी असेल तर प्रतींनी काही बिघडत नाही. वरची स्पेक्ट्रम वाचायची असेल तर दर पायरीला पुन्हा लंब करून घ्यावं. निकालाची खात्री ऊर्जा स्थिरावण्यावरून न धरता 'मॅट्रिक्स × व्हेक्टर − ऊर्जा × व्हेक्टर' याच्या लांबीवरून धरली.

२० साइटला दर साइट −०.४४५२. ही साखळी अचूक सोडवण्याची बेथेची पद्धत १९३१ ची आणि तिच्यातून हुल्थेनने १९३८ मध्ये काढलेली अनंत साखळीची किंमत १/४ − एलएन २ = −०.४४३१४७. फरक साधारण ०.८२ / एन-वर्ग या वेगाने कमी होतो, थोडी लॉगरिदमिक दुरुस्ती वेगळी. १२, १६, २० हे बिंदू १ / एन-वर्ग अक्षावर मांडले तर जवळपास सरळ रेषेत बसतात. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर आधी त्या एनचा कोड बघावा.

२७ फेब्रुवारी: स्पिन १

एका बिटमध्ये तीन अवस्था मावत नाहीत, म्हणून एक्सऑर गेलं. तीनच्या पायातले अंक घेतले. दर साइटला दोन बिट देऊनही चालतं, पण मग चौथा निरर्थक अंक सगळीकडे गाळत बसावा लागतो.

घटकांचे गुणक: स्पिन १ ला अर्धा × √२ × √२ = १, आणि सगळ्या परवानगी असलेल्या उड्यांना हाच. स्पिन १/२ च्या कोडमधला ०.५ तसाच राहिला तर दोन साइटला −२, −१, १ (अनेकता १, ३, ५) येत नाही, लगेच कळतं. वर्गाच्या ट्रेसचं सर्वसाधारण रूप बॉण्ड × (एस(एस+१))-वर्ग / ३ × अवस्थांची संख्या. चार साइटच्या रिंगला ४ × ४/३ × ८१ = ४३२, आणि ग्राउंड स्टेट −६. दोन्ही आल्या.

आकार झपाट्याने वाढतो. एस-झेड शून्यात ८ साइटला ६५६१ पैकी ११०७, १० ला ५९,०४९ पैकी ८९५३. हाल्डेनने १९८३ मध्ये भाकीत केलेली फट (ग्राउंड स्टेट आणि तिच्या वरच्या पहिल्या अवस्थेतलं ऊर्जेचं अंतर) अनंत साखळीला ०.४१०५ आहे. लहान रिंगवर ती मोठी दिसते आणि हळूहळू उतरते, त्यामुळे ८ साइटचा आकडा तसाच कुठे लिहू नये.

स्पिन ३/२ साठी हाच कोड चालवताना एकच गुणक पुरणार नाही. उडीप्रमाणे १.५, √३ आणि २ असे तीन येतात. दोन साइटचं १६ बाय १६ मॅट्रिक्स क्रोनेकरने बांधून घटकागणिक ताडून बघायचं, मगच रिंग.